४२९४९६७२९७ या संख्येची झडती

४,२९,४९,६७,२९७. अक्षरी लिहायचं तर चार अब्ज एकोणतीस कोटी एकोणपन्नास लाख सदुसष्ट हजार दोनशे सत्त्याण्णव. प्रश्न एवढाच की ही मूळ संख्या आहे का? म्हणजे १ आणि ती स्वतः सोडली तर दुसऱ्या कशानेच तिला पूर्ण भाग जात नाही, असं आहे का?

शाळेत पाठ केलेल्या कसोट्या लावून बघू. शेवटी ७ आहे, म्हणजे २ आणि ५ बाद. अंकांची बेरीज ५९ येते, तिला ३ ने भाग जात नाही; ३ बाद. एकाआड एक अंकांच्या बेरजा ३८ आणि २१, त्यांतला फरक १७. म्हणून ११ बाद. ७ ने भागलं तर ५ उरतात, १३ ने भागलं तर १०. असं किती वेळ करायचं? नियम असा की वर्गमुळापर्यंत भागून बघायचं, त्यापुढे जायची गरज नसते. या संख्येचं वर्गमूळ ६५५३६ च्या जेमतेम पुढे आहे आणि तिथपर्यंत ६५४२ मूळ संख्या आहेत. म्हणजे वाईटात वाईट ६५४२ भागाकार. फोन हे काम पापणी लवायच्या आत करतो. पण फोन बाजूला ठेवला तरी हे काम हाताने, चार भागाकारांत उरकतं. फक्त ते चार कोणते हे कळायला हवं, आणि ते कळण्यासाठी संख्येचे अंक न्याहाळून काही उपयोग नाही. ती बनली कशी, हे बघावं लागतं.

बनली अगदी साधेपणाने. ३२ वेळा २ लिहून त्यांचा गुणाकार केला की ४२९४९६७२९६ येतात. त्यात १ मिळवला की आपली संख्या. संगणकाच्या द्विमान पद्धतीत ती लिहिली तर आधी एक १, मग ३१ शून्यं आणि शेवटी पुन्हा १, एवढंच दिसतं. ३२ बिटांच्या खणात मावणारी सर्वांत मोठी संख्या ४२९४९६७२९५ असते. आपली संख्या तिच्याहून दोनने मोठी. ती त्या खणात कोंबायचा प्रयत्न केला तर डावीकडचा १ बाहेर सांडतो आणि खणात फक्त १ उरतो!

आता हिची भावंडं बघा. २ मध्ये १ मिळवला की ३. २ च्या दुसऱ्या घातात १ मिळवला की ५. चौथ्या घातात मिळवला की १७, आठव्यात २५७, सोळाव्यात ६५५३७. घातांक दर वेळी दुप्पट होतोय: १, २, ४, ८, १६. या पाचही मूळ संख्या आहेत. पुढचा घातांक ३२, आणि तिथे आपली संख्या उभी.

मधले घातांक का गाळले? कारण तिथे काही हाती लागत नाही. सहावा घात घ्या: ६४ अधिक १, म्हणजे ६५. हे ६४ म्हणजे ४ चा घन, आणि कुठल्याही संख्येच्या घनात १ मिळवला तर त्या बेरजेला मूळच्या संख्येत १ मिळवून येणाऱ्या संख्येने भाग जातोच. इथे ४ अधिक १, म्हणजे ५ ने. बाराव्या घाताचंही तेच: ४०९६ म्हणजे १६ चा घन, म्हणून ४०९७ ला १७ ने भाग जातो. घातांकात ३, ५, ७ असा कुठलाही विषम अवयव असला की संख्या अशीच फुटते. विषम अवयव अजिबात नसलेले घातांक म्हणजे १, २, ४, ८, १६, ३२ असे दुप्पट होत जाणारेच. त्यामुळे मूळ संख्या मिळाल्याच तर याच रांगेत मिळणार, हे पक्कं. रांगेतली प्रत्येकच संख्या मूळ असेल का, हा मात्र वेगळा प्रश्न.

१६४० साली फ्रान्समधले गणितज्ञ पिएर द फर्मा यांनी फ्रेनिकल द बेसी यांना पत्रातून कळवलं की आपल्या मते या रांगेतल्या सगळ्याच संख्या मूळ आहेत. सिद्धता आपल्यापाशी नाही, हेही त्यांनी प्रामाणिकपणे लिहिलं होतं. फर्मा यांच्या नावावर संख्या-सिद्धांतातले इतके खरे निघालेले दावे आहेत की या एका दाव्याकडेही लोकांनी आदराने पाहिलं. १ डिसेंबर १७२९ च्या पत्रात ख्रिस्तियान गोल्डबाख यांनी तरुण गणितज्ञ लिओनार्ड ऑयलरला विचारलं, फर्मांचं हे म्हणणं तुला ठाऊक आहे का? ऑयलरने सुरुवातीला फारसं मनावर घेतलं नाही. मग घेतलं. १७३२ साली, पंचविशीत, त्याने उत्तर दिलं: ४२९४९६७२९७ ला ६४१ ने पूर्ण भाग जातो.

४२९४९६७२९७ = ६४१ × ६७००४१७.

दावा ब्याण्णव वर्षांनी कोसळला, तोही पहिल्या पाचांनंतरच्या लगेचच्याच संख्येपाशी.

हा भागाकार लांबलचक करायची गरज नाही, पाठकोऱ्या कागदावर तीन ओळींत होतो. युक्ती अशी: आपल्याला फक्त बाकी हवी आहे, भागाकार नको. तेव्हा संख्या मोठी होऊ लागली की लगेच तिच्यातून ६४१ च्या पटी काढून टाकायच्या आणि उरलेल्यावर पुढचं गणित करायचं. २ चा आठवा घात २५६. त्याचा वर्ग ६५५३६, हा सोळावा घात. त्यातून ६४१ ची १०२ पट, म्हणजे ६५३८२ वजा केले की १५४ उरतात. आता या १५४ चाच वर्ग करा: २३७१६. त्यातून ६४१ ची ३६ पट, म्हणजे २३०७६ वजा केले की ६४० उरतात. ही बत्तिसाव्या घाताची बाकी. त्यात १ मिळवा, ६४१ झाले, म्हणजे बाकी शून्य. संपलं. मला स्वतःला हा हिशोब पहिल्यांदा केला तेव्हा कुठेतरी चुकलोय असंच वाटलं होतं, इतका तो लवकर संपतो.

आता मूळ प्रश्न: ६४१ च का? ऑयलरने दोन हजार भागाकार करत बसून तो शोधला का?

समजा 'प' ही मूळ संख्या आपल्या संख्येचा अवयव आहे. १ पासून सुरुवात करून २ ने गुणत राहू आणि दर पावलाला 'प' ने भागून बाकी लिहू. ३२ पावलांनंतर काय दिसेल? बत्तिसावा घात अधिक १ यांना 'प' ने पूर्ण भाग जातो, म्हणजे त्या पावलाला बाकी 'पूर्ण व्हायला एक कमी' अशी असणार. तिला उणे १ म्हणू. आणखी ३२ पावलं चाललं की उणे १ चा वर्ग होतो, म्हणजे बाकी १. आपण निघालो तिथे परत आलो. यापुढे बाक्या त्याच क्रमाने फिरत राहणार. हा फेरा ६४ पावलांचा आहे, आणि याहून लहान असू शकत नाही. लहान असता तर तो ६४ ला नि:शेष भागणारा, म्हणजे ३२, १६, ८ असा काही असता आणि मग बत्तिसाव्या पावलाला बाकी १ आली असती. तिथे तर उणे १ आहे.

आणि दुसरीकडे एक जुना नियम आहे: 'प' मूळ असेल तर 'प' पेक्षा एकने कमी इतकी पावलं टाकल्यावर बाकी हमखास १ येते. म्हणजे तेवढ्या पावलांत ६४ चे फेरे पूर्णांकात बसले पाहिजेत. थोडक्यात, 'प' मधून १ वजा केला की ६४ ने भाग गेलाच पाहिजे.

एवढं कळल्यावर ६५४२ उमेदवारांची रांग एकदम ओसरते. ६४ च्या पटीत १ मिळवत जा: ६५, १२९, १९३, २५७, ३२१, ३८५, ४४९, ५१३, ५७७, ६४१. यांत मूळ संख्या फक्त पाच: १९३, २५७, ४४९, ५७७ आणि ६४१. त्यांतली २५७ का बाद होते ते पुढे सांगतो. राहिल्या चार. १९३ ने भागा, बाकी १०९. ४४९ ने भागा, बाकी ३२५. ५७७ ने भागा, बाकी २८८. ६४१ ने भागा, बाकी शून्य. सुरुवातीला म्हटलेले चार भागाकार ते हेच.

ज्याला मी 'जुना नियम' म्हटलं, तो कुणाचा? फर्मा यांचाच. त्याच १६४० साली, त्याच फ्रेनिकल यांना, ऑक्टोबरमधल्या पत्रात त्यांनी तो कळवला होता. आज तो 'फर्मांचा छोटा सिद्धांत' म्हणून शिकवला जातो. आपला दावा खोटा पाडणारं हत्यार त्यांनी स्वतःच घडवलं होतं आणि ते याच संख्येवर काही त्यांच्याकडून नीट चाललं नाही. हत्यार नसतं तरी ६४१ ही एकशे सोळावी मूळ संख्या आहे. नुसतं ओळीने भागत गेलं असतं तरी ११६ भागाकारांत निकाल लागला असता. त्यांनी प्रयत्न करताना कुठेतरी हिशोबाची चूक केली असावी, असं मला वाटतं. कंटाळ्यापेक्षा चूकच जास्त शक्य.

१८७८ मध्ये एदुआर लुका यांनी चाळणी आणखी बारीक केली: ६४ ऐवजी १२८ च्या पटीत १. मग ६४१ च्या आधी मूळ म्हणून एकटा २५७ उरतो, आणि तो तर बादच आहे. याच चाळणीने दुसरा अवयव ६७००४१७ आणखी फुटतो का, हेही लगेच बघता येतं. त्याचं वर्गमूळ २५८८ च्या आसपास. तिथपर्यंत १२८ च्या पटीत १ मिळवून येणाऱ्या मूळ संख्या २५७ सोडून चारच: ६४१, ७६९, ११५३ आणि १४०९. बाक्या अनुक्रमे ४४, १२०, ३३४ आणि ६२२. एकही शून्य नाही. तेव्हा ६७००४१७ मूळ आहे आणि आपल्या संख्येचे मूळ अवयव दोनच.

आता २५७ चं राहिलेलं देणं. आपल्या संख्येतून २ वजा करा. ४२९४९६७२९५ राहतात. हे म्हणजे बत्तिसाव्या घातातून १ वजा, आणि वर्गांच्या वजाबाकीचं सूत्र लावलं की त्याचे तुकडे पडतात: सोळावा घात अधिक १ गुणिले सोळावा घात वजा १. त्या 'वजा १' च्या तुकड्याला पुन्हा तेच सूत्र. असं करत करत शेवटी हाती येतं:

४२९४९६७२९५ = ३ × ५ × १७ × २५७ × ६५५३७.

म्हणजे रांगेतली पाचही थोरली भावंडं गुणली की आपल्या संख्येपेक्षा दोनने कमी इतका गुणाकार येतो. २५७ ने या गुणाकाराला भाग जातोच. त्यानेच आपल्या संख्येलाही भाग गेला असता तर दोहोंच्या फरकाला, म्हणजे २ लाही गेला असता. ते शक्य नाही. म्हणून ३, ५, १७, २५७, ६५५३७ एका दमात बाद.

४२९४९६७२९५ या शेजारणीची एक वेगळीच कथा आहे. १७९६ साली अठरा वर्षांच्या गाऊसने दाखवलं की कंपास आणि खुणा नसलेली पट्टी एवढ्यावर १७ समान बाजूंची सुसम आकृती काढता येते. पुढे नियम असा ठरला की बाजूंची संख्या विषम असेल तर ती फर्मांच्या रांगेतल्या वेगवेगळ्या मूळ संख्यांच्या गुणाकारातूनच आलेली हवी. (हा नियम दोन्ही बाजूंनी पक्का झाला तो १८३७ मध्ये वाँत्सेल यांच्या सिद्धतेनंतर.) अशा मूळ संख्या आजवर पाचच माहीत असल्यामुळे विषम बाजूंच्या काढता येण्याजोग्या आकृत्या ३१ च ठाऊक आहेत आणि त्यांतली सर्वांत मोठी बरोबर ४२९४९६७२९५ बाजूंची. कागदावर ती वर्तुळापेक्षा वेगळी दिसणार नाही, हे सांगायला नको. योहान हर्मेस नावाच्या जर्मन गणितज्ञाने ६५५३७ बाजूंच्या आकृतीवर दहा वर्षं घालवली. त्याचं हस्तलिखित ग्योटिंगेनला जपून ठेवलेलं आहे. ६४१ ने भाग गेला नसता आणि आपली संख्या मूळ निघाली असती, तर पुढच्या एखाद्या हर्मेसचं काही खरं नव्हतं.

अवयव माहीत नसतानाही ही संख्या फुटते हे ओळखायची आणखी एक वाट आहे, आणि मला ती सगळ्यांत देखणी वाटते. आपली संख्या दोन वर्गांची बेरीज आहे, हे तर उघडच: ६५५३६ चा वर्ग अधिक १ चा वर्ग. पण ती दुसऱ्या तऱ्हेनेही दोन वर्गांची बेरीज होते: ६२२६४ चा वर्ग अधिक २०४४९ चा वर्ग. करून बघा, ३८७६८०५६९६ आणि ४१८१६१६०१ यांची बेरीज. आता ४ ने भागल्यावर १ उरणारी मूळ संख्या दोन वर्गांच्या बेरजेत एकाच तऱ्हेने मांडता येते, कधीही दोन तऱ्हांनी नाही. इथे तर दोन तऱ्हा समोर आहेत. तेव्हा संख्या मूळ नाही, कुठलाही भागाकार न करता.

एवढ्यावर थांबायचंही कारण नाही. या दोन मांडण्यांतून अवयवही निघतो. मोठ्या वर्गांच्या पायांतला फरक घ्या: ६५५३६ वजा ६२२६४, म्हणजे ३२७२. धाकट्यांचा फरक: २०४४९ वजा १, म्हणजे २०४४८. दोघांनाही ८ ने भाग जातो; भागून घेतल्यावर ४०९ आणि २५५६ मिळतात. आता यांच्या वर्गांची बेरीज करा: १६७२८१ अधिक ६५३३१३६. आली ६७००४१७. ही रीतसुद्धा ऑयलरच्याच नावाने ओळखली जाते.

एका ठिकाणी मात्र ही संख्या चांगलीच फसवते. फर्मांचा छोटा सिद्धांत उलटा वापरून मूळपणाची झटपट चाचणी करतात: २ चा घात घ्यायचा, घातांक दिलेल्या संख्येपेक्षा एकने कमी, बाकी १ आली नाही तर संख्या मूळ नाही. आली तर 'बहुधा मूळ'. आपल्या संख्येसाठी तो घातांक ४२९४९६७२९६. त्याला ६४ ने भाग जातो, आणि दर ६४ पावलांना बाकी १ येते हे वर पाहिलंच. म्हणजे ही संख्या चाचणी अगदी ऐटीत पास होते आणि तरीही मूळ नाही. या रांगेतली प्रत्येक संख्या २ च्या चाचणीत अशीच पास होते, मग ती मूळ असो वा नसो. म्हणून १८७७ मध्ये पेपँ यांनी २ सोडून दुसरी संख्या धरली (आज सहसा ३ धरतात) आणि घातांक निम्मा घेतला. त्या चाचणीत बाकी उणे १ आली तर संख्या नक्की मूळ, नाहीतर नक्की नाही. तिथे आपली संख्या नापास होते.

एक हकीकत सांगायची राहिली. जेरा कोलबर्न हा अमेरिकेतला तोंडी हिशोब करणारा मुलगा. १८१२ च्या सुमारास, आठ वर्षांचा असताना, लंडनमध्ये त्याला हीच संख्या दिली गेली आणि त्याने तोंडी ६४१ हा अवयव सांगितला, अशी नोंद आहे. कसं केलं हे त्याला तेव्हा नीट सांगता येत नसे.

रांगेतली पुढची संख्या वीस अंकी आहे. ती १८८० मध्ये लँड्री यांनी फोडली, वयाच्या ब्याऐंशीव्या वर्षी: २७४१७७ × ६७२८०४२१३१०७२१. त्यापुढे अंकांची संख्या दर पायरीला साधारण दुप्पट होते आणि पूर्ण अवयव हाती लागणं अवघड होत जातं. घातांक २ च्या विसाव्या आणि चोविसाव्या घाताइतका असलेल्या दोन संख्या मूळ नाहीत हे पेपँ यांच्या चाचणीने पक्कं आहे, पण त्यांचा एकही अवयव अजून कुणाला सापडलेला नाही. फुटतात हे माहीत, कुठे फुटतात ते नाही.

आणि जिच्याबद्दल मूळ की संयुक्त एवढंही ठाऊक नाही अशी सर्वांत लहान संख्या म्हणजे घातांक २ च्या तेहतिसाव्या घाताइतका असलेली. तिच्यात सुमारे २५८ कोटी अंक आहेत. पेपँ यांची चाचणी लावायची तर एवढ्या अंकांच्या संख्येचा वर्ग करून बाकी काढायची, आणि हे आठ अब्जांहून जास्त वेळा. तेव्हा तिच्या बाबतीत ऑयलरचीच वाट उरते. लुका यांची चाळणी तिथे ३४३५९७३८३६८ च्या पटीत १ अशी होते. ते उमेदवार एकेक घ्यायचे, भागून बघायचं, बाकी शून्य आली नाही की पुढचा घ्यायचा.